तुम्ही विचारलंत म्हणून: नुरा कुस्तीतला ब्रेट हार्ट

"निकाल आधीच ठरलेला असतो, मग त्यात ब्रेट हार्ट मोठा कसा?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की एकदा नीट उत्तर देतो.

कॅनडाचा ब्रेट खेळायचा त्या नुरा कुस्तीत, म्हणजे प्रेक्षकांसाठी ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीत, निकाल ठरलेला असतो, खरं आहे. पण कुणाला डोक्यावर उचलून खाली टाकताना त्याची मान आपल्या हातात असते, हेही खरंच आहे. आपल्यासोबत खेळताना कुणी प्रतिस्पर्धी गंभीर जखमी झाला नाही, याचा ब्रेटला सर्वांत मोठा अभिमान. मला तो इथेच मोठा वाटतो.

कॅनडातल्या कॅल्गरीत, राहत्या घराच्या तळघरात त्याचे वडील स्टू हार्ट तालीम चालवायचे. तिथल्या पकडी खऱ्या असत, माणसं कळवळून ओरडत. दुखतं कुठे आणि कितपत, हे ब्रेट तिथे शिकला असणार.

एकच कुस्ती बघायची असेल तर ऑगस्ट 1992 ची बघा. लंडनचं वेम्बली स्टेडियम, 80 हजारांच्या आसपास प्रेक्षक, आणि समोर बहिणीचा नवरा डेव्ही बॉय स्मिथ. ब्रेटने पुढे सांगितलं की सुरुवातीलाच स्मिथ ठरलेलं सगळं विसरून गेला होता. मग ब्रेट त्याला पुढचा डाव सांगत गेला आणि खेळवत राहिला, जवळजवळ 25 मिनिटं. शेवटी जिंकला स्मिथ, आपल्याच देशातल्या लोकांसमोर. आपण हरणार हे ठाऊक असताना समोरच्याला इतक्या जिव्हाळ्याने जिंकवणं! माझ्या लेखी याहून अवघड काम रिंगणात नाही.

माँट्रिअलमधल्या कुस्तीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. 9 नोव्हेंबर 1997 ला प्रतिस्पर्धी शॉन मायकल्सने ब्रेटला ब्रेटच्याच 'शार्पशूटर' या पाय आवळणाऱ्या पकडीत धरलं. ब्रेटने हार मानली नव्हती, तरी कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचा मालक विन्स मॅकमहन याने कुस्ती संपल्याची घंटा वाजवायला लावली आणि मायकल्सला विजयी ठरवलं. ठरलेलं वेगळंच होतं. लोक याला फसवणूक म्हणतात, मीही म्हणतो. पण ब्रेटचं नाव त्या एका रात्रीपुरतं उरावं, हे मला सहन होत नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. मे 1999 मध्ये धाकटा भाऊ ओवेन रिंगणात उंचावरून उतरण्याच्या कसरतीत पडून मरण पावला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका कुस्तीत प्रतिस्पर्धी गोल्डबर्गची लाथ ब्रेटच्या डोक्याला बसली. मेंदूला मार लागला, आणि 2000 मध्ये त्याला निवृत्त व्हावं लागलं. इतरांची मान आयुष्यभर जपणाऱ्याची कारकीर्द दुसऱ्याच्या एका चुकलेल्या लाथेने संपली. हे लिहितानाही मला त्रास होतो.

वेम्बलीची ती कुस्ती लावलीत तर कोण जिंकतंय ते बघू नका. ब्रेट पकड आवळतो तेव्हा त्याचं तोंड स्मिथच्या कानापासून किती अंतरावर असतं, ते बघा.