एका अगडबंब कॉनफटेस्टचे चार तुकडे

बिलिंगच्या प्रोजेक्टमध्ये पायटेस्टची (पायथन कोडच्या टेस्ट चालवणारं साधन) सगळी फिक्स्चर्स, म्हणजे टेस्टआधीची तयारी करून देणारी फंक्शन्स, एकाच कॉनफटेस्ट फाइलमध्ये साचली होती. तिची मी चार मॉड्यूल केली: डेटाबेस, नोंदी, घड्याळ, तपासण्या. नोंदी डेटाबेसवर अवलंबून, बाकी कुणी कुणावर नाही. ऑटोयूझ, म्हणजे न मागता आपोआप चालणारी फिक्स्चर्स, पूर्ण बंद. जे फिक्स्चर टेस्टच्या पॅरामीटरमध्ये दिसत नाही, ते बिघडलं की सापडत नाही.

सगळ्यात किचकट डेटाबेस. डेटाबेसशी जोडणारं इंजिन सेशन स्कोपचं, म्हणजे टेस्टच्या अख्ख्या फेरीसाठी एकच, त्यामुळे टेबलं एकदाच बनतात. कनेक्शन फंक्शन स्कोपचं, म्हणजे दर टेस्टला नवं: ट्रान्झॅक्शन उघडायचं, यील्डने टेस्टच्या हाती द्यायचं, शेवटी रोलबॅक करून बदल मागे घ्यायचे. पण बिल सेव्ह करणारा कोड स्वतःच कमिट करतो, म्हणजे बदल कायम करतो, आणि रोलबॅकच्या हाती काही उरत नाही. एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेस वापरायची लायब्ररी) 2.0 मध्ये तिचं स्वतःचं सेशन (पायटेस्टचं नव्हे) बनवताना जॉइन_ट्रान्झॅक्शन_मोडला 'क्रिएट_सेव्हपॉइंट' दिलं, की ते कमिट सेव्हपॉइंटपुरतंच, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या आतल्या एका टप्प्यापुरतंच राहतं.

नोंदींच्या फिक्स्चरने तयार ग्राहक देऊ नये, ग्राहक बनवणारं फंक्शन द्यावं. दोन ग्राहक हवे असले तर ते दोनदा बोलवायचं. वेळ वाचावा म्हणून ग्राहक सेशन स्कोपचा केला, तर पायटेस्ट स्कोपमिसमॅच एरर देतं, कारण तो फंक्शन स्कोपच्या कनेक्शनवर अवलंबून असतो. तेव्हा कनेक्शनचाही स्कोप वाढवायचा मोह होतो. एरर जाते खरी, पण एका टेस्टचं बिल दुसरीच्या बेरजेत यायला लागतं.

टेस्ट समांतर चालवणाऱ्या एक्सडिस्टवर चार वर्कर (स्वतंत्र प्रोसेस) लावले की सेशन स्कोपचं फिक्स्चर चारदा चालतं, प्रत्येक वर्करमध्ये एकदा. चौघंही पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये एकाच नावाचा डेटाबेस बनवायला जातात आणि भांडतात. नावाला वर्कर_आयडी जोडला की प्रश्न मिटतो.

घड्याळ म्हणजे तारीख देणारं एक फंक्शन, बस. 31 मार्चचं बिल कोणत्या आर्थिक वर्षात पडतं, हे त्याने कधीही तपासता येतं.

तपासण्यांनी मात्र दमवलं. 1000 रुपयांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1180 यायला हवेत. टेस्ट पडली की नुसतं 'असर्शन एरर', आकडा नाही. कारण असर्ट (अपेक्षा तपासणारी ओळ) उलगडून दाखवायचं काम पायटेस्ट टेस्ट फाइल्स, कॉनफटेस्ट आणि प्लगिन्स यांच्यापुरतंच करतं, आणि तपासण्यांची फाइल मी साधी इम्पोर्ट करत होते. कॉनफटेस्टमध्ये त्या इम्पोर्टच्या आधी रजिस्टर_असर्ट_रीराइट बोलवल्यावर 'असर्ट 1000 == 1180' दिसलं. इम्पोर्टनंतर बोलवून उपयोग नाही. शिवाय तपासणीच्या फंक्शनमध्ये ट्रेसबॅकहाइड ट्रू ठेवलं की पायटेस्ट तपासणीच्या आतली ओळ न दाखवता टेस्टमधली ओळ दाखवतं.