फरशीतला शिंपला

"मावशी, हा दगड आधी जिवंत होता?" चुनखडीच्या फरशीतल्या नखाएवढ्या शिंपल्यावर बोट ठेवून भाचीने विचारलं. त्याच्या कडेच्या बारीक रेषाही शाबूत होत्या.

प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना. कारण उत्तर जवळपास 'हो' आहे! समुद्रतळाशी शिंपले, कवचं साचतात, दबतात, घट्ट होतात की झाली चुनखडी. तीच खोल गाडली जाऊन तापली, की न वितळता तिचे स्फटिक नव्याने जुळतात आणि संगमरवर होतो. शिंपले बहुधा पुसले जातात.

अग्निजन्य खडक मात्र थेट शिलारसातून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून. खोलात सावकाश निवला तर ग्रॅनाइटसारखे ठळक स्फटिक, वर येऊन झटपट निवला तर बेसॉल्टसारखे बारीक.

शाळेत खडकांचे हे तीन प्रकार घोकून घेतले: चुनखडीसारखे गाळाचे, संगमरवरासारखे रूपांतरित आणि अग्निजन्य. एकाचा दुसरा होतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?