नमुना ७ ची चिठ्ठी बदलली, ९ मात्र खरा निघाला

मागच्या नोंदीत नमुना ७ वर 'डोंगरउताराचा ब्रेशिया' (ब्रेशिया म्हणजे टोकदार तुकडे जुळून झालेला खडक) अशी चिठ्ठी होती. ती काढली. बालाघाटच्या पायथ्याच्या विहिरीतला हा दगड: टोकदार तुकडे, मधे पांढरा भरणा, आम्ल टाकताच फसफस. घोळ या फसफशीनेच केला. बेसाल्टच्या प्रवाहाची वरची साय गार होताना फुटते, खालचा लाव्हा तिला ढकलत नेतो. तेही तुकडे टोकदारच. फटींत पुढे कॅल्साइट (चुन्याचं खनिज) बसलं की तेही फसफसतं. आम्ल भरणा सांगतं, जन्म नाही.

म्हणून ७ आणि ९ दोन्ही दगड फरशीवाल्याकडून ओले कापून घेतले. ७ ठीक. ९ चा भरणा १० मिमीच्या चकतीतून निखळायला लागला. तो धरून ठेवायला इपॉक्सी (दोन भाग मिसळून जमणारा डिंक) हवं. पाच मिनिटांत जमणारं घट्ट असतं, आत मुरत नाही. त्यात पैसे घालू नयेत. चकती पूर्ण वाळवून, कोमट करून, संथ जमणारं सोडलं आणि २४ तास हात लावला नाही. आम्लाची चाचणी त्याआधीच करावी, नंतर लेप फसफसू देत नाही. मग वॉटर पेपर १२०, २२०, ४००. चकती पाण्याखाली धरून बघायला एवढं पुरतं. ३००० पर्यंत जायचा बेत रद्द.

१० पट भिंगाखाली गाठ सुटली. ७ मधले तुकडे एकाच बेसाल्टचे, कडा तांबूस, आणि तुकड्यांच्या पोकळ्यांत व मधल्या फटींत तेच किरणांसारखं झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज). कॅल्साइट शेवटी, मध्यभागी. म्हणजे फुटणं आधी, भरणं नंतर. ९ मधे घट्ट काळा, मांजऱ्या (पोकळ्या खनिजांनी भरलेला) आणि तांबडा असे तीन प्रकार शेजारी, भोवती चुन्यात बसलेली बारीक माती. मांजऱ्याच्या कडेला भरलेले गोळे अर्धे कापलेले! पोकळ्या भरल्यावर दगड फुटला, घरंगळला आणि मग चुन्याने बांधला गेला. हाच खरा गाळाचा ब्रेशिया. रिकामी पोकळी कापलेली दिसली तर तो पुरावा धरू नये, ती प्रवाहाच्या सायीतही असते.

आता ९ ओला करून स्कॅनरवर ठेवायचा, ५ मिमीची जाळी टाकून २०० बिंदू मोजायचे, म्हणजे तुकडे किती आणि भरणा किती ते कळेल. २ मिमीपेक्षा बारीक ते भरण्यात. पण फटींतल्या मातीची वरची बाजू सपाट दिसते आहे, त्यावरून दगडाची मूळ वरची दिशा कळू शकेल. तर आधी काटकोनात दुसरी चकती. पुढच्या दगडावर उचलण्याआधीच वरच्या बाजूला खडूने बाण.