गिअरबॉक्समधली सोलकढी : नोंद तिसरी

जूनच्या नोंदीत मी लिहिलं होतं की चार वेळा ऑइल बदलून गिअरबॉक्स वाचला. ते विधान मागे घेतो. ती नोंद वाचून कुणी तसंच करत असेल तर त्यांनी आधी हे वाचावं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी २००८ची, पेट्रोल, पाच गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे देणारा भाग) ऑटोमॅटिक. मे महिन्यात करूळ घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबलो. पुन्हा निघताना डी टाकला, तर गाडी दोन सेकंद जागची हललीच नाही. कोल्हापूरला सावकाश आणली. सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं तर कूलंटवर लालसर साय. एटीएफची (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलची) डिपस्टिक ओढली, तर लाल ऑइलच्या जागी दाट गुलाबी सोलकढी.

हे दोन द्रव भेटतात ते रेडिएटरच्या टाकीत. ऑटोमॅटिक गाडीत एटीएफ थंड करणारी नळी बहुधा त्याच टाकीत, कूलंटमध्ये बुडालेली असते. गाडी चालू असते तेव्हा नळीतलं एटीएफ जास्त दाबाखाली असतं, म्हणून ते कूलंटमध्ये जातं. गाडी बंद केली की गिअरबॉक्सचा पंप थांबतो आणि एटीएफचा दाब लगेच शून्यावर येतो. गरम कूलंट मात्र झाकणामागे सुमारे १ बार दाबाने बराच वेळ कोंडलेलं राहतं, आणि फट मिळाली की उलट्या वाटेने गिअरबॉक्समध्ये शिरतं. त्या दिवशी चहाला थांबलो, तेवढ्या वेळातच बरंचसं आत गेलं असणार.

जुना रेडिएटर काढून मी नळीचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून २ बार हवा सोडली आणि टाकी पाण्याने भरली. नळी जिथे टाकीतून बाहेर पडते त्या गळ्याशी, जोडाच्या कडेने, बारीक बुडबुड्यांची अखंड माळ निघाली. बाहेरून त्या जागी डाग नाही, ओल नाही. पाण्यात धरल्याशिवाय ती चीर दिसलीच नसती.

आता चुकलं कुठे ते. बॉक्समध्ये एकूण १० लिटर एटीएफ मावतं. चेंबरचा (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल पॅनचा) बोल्ट काढला की त्यातलं ४ लिटरच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांत राहतं. म्हणजे दर वेळी ६० टक्के घाण आतच. चार वेळा बदलूनही सुमारे १३ टक्के उरते. तरी मी निश्चिंत होतो, कारण तव्यावरची परीक्षा पास झाली होती. जुना लोखंडी तवा १५० अंशांपर्यंत तापवायचा (टेंपरेचर गनने मोजून, उघड्यावर, डोळ्यांना चष्मा लावून) आणि एटीएफचा एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतो. चौथ्या वेळचा थेंब गप्प बसला.

पण तवा पाणी सांगतो, ग्लायकॉल (कूलंटमधलं पाण्याखेरीजचं मुख्य रसायन) सांगत नाही. चालत्या बॉक्सच्या उष्णतेने पाणी हळूहळू उडून जातं. ग्लायकॉल उकळतं १९७ अंशांना, ते आतच राहतं. आणि ऑटोमॅटिकच्या क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं, पोलादी प्लेटेवर चिकटवलेलं. तो कागद पाणी शोषून फुगतो, आणि पाणी व ग्लायकॉल मिळून खालचा चिकटा सोडवतात. मी ऑइल बदलत होतो, नुकसान त्याआधीच होऊन गेलं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ६० ते ७० च्या वेगात गाडी थरथरायला लागली, रंबलरवरून गेल्यासारखी. स्कॅनरवर कोड आला पी ०७४१, म्हणजे लॉकअप क्लच (कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) धरत नाही. बॉक्स उतरवायचं ठरवलं.

३ ऑगस्ट. बॉक्स खाली. मित्राचं शेड, दोन घोड्या, भाड्याचा ट्रान्समिशन जॅक. माझ्यासोबत उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री होते. त्यांना काका म्हणतो. पन्नास वर्षं हात काळे केलेला माणूस. चेंबर उघडल्यावर मॅग्नेटवर काळी पेस्ट होती, लोखंडी कीस नव्हता. एवढंच समाधान.

इनपुट ड्रमची (क्लच प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याची) सर्क्लिप काढली आणि प्लेटा एकेक करून वर्तमानपत्रावर मांडल्या. पहिली फ्रिक्शन प्लेट पाहून मला वाटलं, ही चालेल. रंग एकसारखा, खाचा शाबूत, जळकट वास नाही. काकांनी ती माझ्या हातून घेतली आणि अंगठ्याचं नख अस्तराच्या कडेला लावून हलकंच ढकललं. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा दोन बोटं रुंद तुकडा अलगद सुटून आला. खालच्या पोलादावर गंजाचा तपकिरी ठसा होता. "वरनं चांगली दिसतीया, पर खालचा डिंक गेलाय बघा," काका म्हणाले. "आता ऑइल कितीबी बदला." चौदा प्लेटा होत्या. नखाने न सुटलेल्या तीन निघाल्या. त्याही टाकल्या.

७ ऑगस्ट. जुना कन्व्हर्टर लेथवर धरून वेल्ड कापून घेतला, फक्त बघण्यासाठी. लॉकअपचं अस्तर जवळजवळ अर्धं सुटून दुमडलं होतं, आणि पंखांच्या कोपऱ्यांत अजून गुलाबी साय. चार वेळा ऑइल बदलून दोन महिने झाल्यावरची ही स्थिती. कन्व्हर्टर धुऊन परत लावता येतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एकतर कापून नव्या अस्तराने बांधलेला घ्या, नाहीतर नवा. मी बांधलेला मागवला.

ऑगस्टचा उरलेला महिना किटची वाट पाहण्यात आणि धुण्यात गेला. व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) उघडताना प्रत्येक थराचा फोटो, प्रत्येक चेक बॉलची जागा कागदावर. दोन व्हॉल्व्ह त्यांच्या बोअरमध्ये अडकत होते, गंजाचा पातळ थर होता. पॉलिश पेपर लावला नाही, कारण तिथे माप बिघडलं तर व्हॉल्व्ह बॉडी गेली. एटीएफमध्ये भिजवून, स्वच्छ करून, पुन्हा भिजवून, शेवटी व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने खाली सरकू लागले. सोलेनॉइड सगळे नवे. कॉटन वेस्ट शेडमधून बाहेर काढलं, त्याचा एक धागासुद्धा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो.

पावसाळ्यात हे काम करणं अवघड. कोल्हापूरच्या ऑगस्टच्या हवेत पुसून ठेवलेल्या स्टील प्लेटेवर एका रात्रीत तांबूस छटा येते. म्हणून प्रत्येक भाग धुतला की कोरड्या हवेने फुंकायचा, एटीएफचा हात फिरवायचा आणि पिशवीत बंद करायचा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणीही रोज आधी सोडायचं. ज्या पाण्यापायी हे सगळं झालं तेच नळीतून परत फवारायचं नव्हतं.

६ आणि ७ सप्टेंबर. जुळणी. नव्या फ्रिक्शन प्लेटा रात्रभर एटीएफमध्ये भिजत होत्या. थ्रस्ट वॉशर जागेवर धरायला व्हॅसलीन, ग्रीस नाही, कारण व्हॅसलीन गरम एटीएफमध्ये विरघळून जातं. एका क्लच पॅकची (प्लेटांच्या थप्पीची) फट फिलर गेजने १.३ मिमी आली, मॅन्युअलची कमाल मर्यादा १.० होती. सुट्या कराव्या लागल्या, जाडी वाढवून रिटेनिंग प्लेट बदलली, ०.८ झाली. त्यात एक दुपार गेली, पण बॉक्स गाडीत चढल्यावर ही फट कुणी बदलू शकत नाही. मग प्रत्येक क्लचला त्याच्या छिद्रातून हवा देऊन ऐकलं. नीट बसलेला पिस्टन "ठप्" असा एकच भरीव आवाज करतो. सील दुमडलं असेल तर फुसफुसतं. एकदा फुसफुसलं, उघडलं, ओठ खरंच दुमडला होता.

कन्व्हर्टर बसवताना घाई करू नका. तो फिरवत आत ढकलायचा, टप्प्याटप्प्याने तीन वेळा "खट्" करून आत सरकतो. दोन खटक्यांवर थांबून बोल्ट आवळले तर इंजिन चालू करताक्षणी पंप फुटतो. मी बेल हाउसिंगच्या काठावर पट्टी ठेवून खोली मोजली, तीनदा.

रेडिएटर नवा घातला, पण त्यातली एटीएफची नळी वापरली नाही. पुढे स्वतंत्र प्लेट कूलर लावला, पंखा आणि थर्मोस्टॅटसह. रेडिएटरमधल्या नळीचा एक फायदा असतो, थंडीत एटीएफ लवकर गरम होतं. कोल्हापूरच्या थंडीत त्याची उणीव भासणार नाही. कूलंटच्या बाजूचे होजही सगळे नवे, कारण एटीएफ लागलेलं रबर फुगून मऊ पडतं. जुना वरचा होज बोटांनी दाबला तर बोट आत रुतत होतं. इंजिनची बाजू भांडी धुण्याच्या साबणाने तीनदा आणि साध्या पाण्याने पाचदा धुतली तेव्हा तवंग थांबला.

निघालेलं सगळं मिश्रण कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे दिलं. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री चाटतात. गटारात ओतू नका.

१४ सप्टेंबर. पहिली फेरी, पन्हाळा. आधी शेडमध्ये आर, एन, डी करत लेव्हल भरली, एटीएफ ७० अंशांवर असताना शेवटची पाहिली. गिअर बदलण्याबाबत गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेली जुनी शिकवण स्कॅनरने पुसली. चढावर एटीएफ ८८ अंशांपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. ६० ते ७० मध्ये थरथर नाही. लॉकअप बसला तेव्हा फक्त टॅकोमीटरचा काटा किंचित उतरला, गाडीत काहीच जाणवलं नाही. काका शेजारी बसले होते, वाघबीळ येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "धरतंय."

आज १,००० किलोमीटर झाले. इंजिन थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम अजून शे-दीडशेने वर उचलतो, गरम झाल्यावर थांबतो. बहुतेक शिकवण पूर्ण व्हायची आहे, पण व्हॉल्व्ह बॉडीवर माझी नजर आहे. काल ५० मिली एटीएफ काढून लॅबला पाठवलं. सोडियम आणि पोटॅशियम मागितलेत, कारण कूलंट आत शिरल्याची खूण ऑइलमध्ये त्यांच्यावरून कळते. तवाही तापवला होता. थेंब गप्प बसला, पण या वेळी रिपोर्ट येईपर्यंत मी काही लिहिणार नाही.