हँगर सरळ झाला, दसऱ्याचा बेत मात्र वाकडा

माझ्या सायकलचे गिअर नीट बसत नव्हते, खडखड होत होती. मागच्या नोंदीत गिअरची केबल, आऊटर (केबलचं बाहेरचं कवच) आणि चेन या तिघांवर संशय होता. तिघंही निर्दोष सुटले. केबल नवी १.२ मिमीची, आऊटर नवा ४ मिमीचा, तरी खडखड तशीच. चेनही मोजली: १२ इंचांची लांबी नवी असताना ३०४.८ मिमी, आता ३०५.५. ०.७५ टक्के ताणली, म्हणजे ३०७ च्या पुढे गेली, की ८ स्पीडची (मागे आठ गिअरवाली) चेन बदलायची. इथं अजून बराच अवकाश आहे. वाकलाय तो डेरेलरचा हँगर. डेरेलर म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग, आणि हँगर म्हणजे तो फ्रेमला जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा.

लक्षणं नीट लिहून ठेवतो, कारण दुकानात ‘ट्युनिंग करून देतो’ म्हणून पैसे घेतात आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. मागच्या चाकावरच्या लहान दात्यांवर (दातेरी चकत्यांवर) चेन शांत, मधल्या दोन-तीन दात्यांवर कुरकुर आणि सगळ्यांत मोठ्या दात्यावर स्पोककडे झेपावते. बॅरल (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) अर्धा फेरा फिरवला की मोठे दाते जुळतात, लहान बिघडतात. उलट फिरवला की उलट. केबलचा ताण चुकला असता तर चूक सगळीकडे एकाच बाजूला दिसली असती. हँगर वाकला की जॉकी व्हील (डेरेलरमधलं चेन वळवणारं छोटं चाक) तिरपं चालतं आणि चूक दात्यागणिक बदलते. ८ स्पीडमध्ये दोन दात्यांतलं अंतर जेमतेम ४.८ मिमी, तिथं कितीसा वाकडेपणा खपणार?

वाकतो कशानं? बसच्या डिकीत. परगावहून इथं बेळगावला शिकवायला आलेल्या आपल्या मंडळींची सायकल सुट्टीला अशीच गावी जाते-येते. उजव्या कुशीवर आडवी टाकली आणि वर कुणी तांदळाचं पोतं ठेवलं की संपलं. डावी बाजू खाली ठेवा, एवढं तरी कंडक्टरला सांगाच.

हँगरचा वाकडेपणा मोजायचं खास हत्यार महाग आहे आणि वर्षातून एकदा लागतं. त्याऐवजी जुनं क्विक-रिलीजचं (पान्याशिवाय निघणारं) मागचं चाक घ्या. त्याचा एक्सल १० मिमीचा, १ मिमी आट्याचा (दोन आट्यांतलं अंतर १ मिमी); हँगरचा आटाही तोच. डेरेलर ५ च्या एलन कीनं उतरवायचा, जुन्या चाकातला स्क्युअर (पोकळ एक्सलमधून जाणारी सळई) काढायचा आणि एक्सलचं टोक बाहेरून हँगरमध्ये हातानं फिरवत बसवायचं. आता दोन चाकं शेजारी-शेजारी उभी राहतात. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. जुनं चाक थोडं डुगडुगत असेल तर प्रत्येक वेळी व्हॉल्व्हचं भोक मोजायच्या जागी आणा, म्हणजे चाकाचा वाकडेपणा मापात शिरत नाही. साध्या दूधवाल्या सायकलचं चाक आणू नका. त्याचा आटा वेगळा असतो, जबरदस्ती केलीत तर हँगरचा आटा जाईल.

माप आलं असं: वर १२४, खाली ११३. पुढे-मागे फरक २ मिमीचाच. म्हणजे खालची बाजू ११ मिमी आत. ४ मिमीच्या आत फरक आला की पुरे.

सरळ करताना त्याच आट्याचा बोल्ट हँगरमध्ये पूर्ण बसवून ठेवावा, नाहीतर भोक अंडाकृती होतं. मग मोठा अ‍ॅडजस्टेबल पाना, हळू दाब, थांबा, पुन्हा माप. अ‍ॅल्युमिनियम एकदा सरळ होतं. पुढे-मागे खेळवत बसलात तर हातात येतं. आता फरक ३ मिमी. त्यानंतर हाय-लो स्क्रू (चेन दोन्ही टोकांना कुठवर जाईल ते ठरवणारे), मग केबल, मग बॅरल, याच क्रमानं. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर आठही दाते मुके! शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर याहून चांगलं औषध नाही.

पण एकदा वाकलेल्या हँगरवर घाट उतरायचा धीर होत नाही. ऑनलाइन हँगर फोटोवरून मागवणं हा जुगार आहे. शेकडो आकार, सगळे दिसायला सारखे. आपलं गाव फाउंड्री आणि लेथवाल्यांचं. उद्यमबागेत जुना नमुना देऊन नवा कापून घेता येईल. अट एकच: अ‍ॅल्युमिनियमचाच हवा. ‘स्टीलचा देतो, तुटणार नाही’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. हँगर वाकला तर फ्रेम वाचते. तो वाकला नाही तर मार फ्रेमवर जातो. आणि १ मिमी आट्याचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आहे ना, आधी विचारा. साधा १० मिमीचा टॅप १.५ चा असतो.

आता दसऱ्याच्या सुट्टीचा बेत. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, गोव्यातली साखळी, हे पक्कं. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी चहा. परतीला तोच घाट चढायचा म्हणून ११-३४ ची कॅसेट (मागच्या दात्यांचा संच, सगळ्यांत मोठा ३४ दातांचा) घ्यायची होती. सध्याच्या ३०-३२ वर (पुढे ३० दात, मागे ३२) पॅडलच्या एका फेरीत सायकल दोन मीटर सरकते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी सात-साडेसात किलोमीटर. सामानासकट जड जाईल.

हे लिहिता लिहिता वाटतंय, चढायचंच कशाला? फोंड्यावरून बोरीचा पूल ओलांडून वास्को गाठायचं आणि गोवा एक्सप्रेसनं लोंढ्यावरून थेट बेळगाव. गाडी वास्कोहूनच सुटते, त्यामुळे ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) सायकल चढवायला घाई नाही. डेरेलर उतरवून, चेनसकट फडक्यात गुंडाळून मागच्या त्रिकोणात बांधायचा. मग वर काहीही ठेवा, वाकायला बाहेर काही उरतच नाही. बसलाही हाच उपाय चालेल. नाव-पत्ता आणि कुठून-कुठे ते पुठ्ठ्यावर लिहून दोन ठिकाणी बांधा, एक चिठ्ठी निघते.

म्हणजे कॅसेटचे पैसे ब्रेक पॅडकडे वळवतो. जांबोटीच्या लाल मातीचे कण जुन्या पॅडमध्ये रुतलेत, सुईनं काढले तरी रिमवर ओरखडे दिसतात. लेथवाल्याकडे नमुना सोमवारी जाईल. ३०-३२ वर चोर्ला सामानासकट चढलेलं कुणी असेल तर लिहा, कॅसेटचा निर्णय अजून पुरता झालेला नाही.