बीजगणिताच्या सरावासाठी वर्गातले काही उपक्रम

नववी-दहावीच्या गणित भाग १ चा सराव म्हणजे एकामागून एक उदाहरणे वहीत सोडवत जाणे, ही समजूत रूढ आहे आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. हात बसल्याशिवाय बीजगणित येत नाही. अडचण एवढीच आहे की एकाच साच्याची वीस उदाहरणे समोर ठेवली, तर पहिल्या तीन-चारनंतर मुलांचा हात तेवढा चालू राहतो आणि विचार थांबतो. त्यावर उपाय म्हणून खेळ, स्पर्धा आणि कृतींची खैरात सुचवली जाते. जळगाव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवताना त्यांपैकी बऱ्याच गोष्टी मी वर्गात करून पाहिल्या, आणि आता कोणताही उपक्रम हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारते. बीजगणित न करता हा खेळ जिंकता येईल का? आणि उत्तर चुकले, तर ते मी न सांगता मुलांच्या लक्षात येईल का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ असे आले, तर तो उपक्रम स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवावा. फळ्याकडे धावत जाऊन सर्वांत आधी उत्तर लिहिण्याच्या स्पर्धा या कसोटीवर हमखास नापास होतात, कारण तीन-चार चपळ मुले उत्तरे देतात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो.

एका चलातील समीकरणांसाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातील आहे. खानदेशातील शिक्षकाने त्यांच्याकडे वळावे यात नवल नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे, आणि तो लेख इ. स. १२०७ चा आहे. उदाहरण असे: एकाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत, दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, परंतु त्याच्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे, दोघांची संपत्ती समान असेल, तर एका घोड्याची किंमत किती? सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहिलेली मुले वर्गात असतातच, त्यामुळे उत्तर हाती आल्यावर एवढ्या पैशांत तिथे लगामही मिळणार नाही, अशी टिप्पणी कुणीतरी केल्याशिवाय राहत नाही.

हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवण्याऐवजी मी प्रत्येक जोडीला चिठ्ठ्या देते. घोड्याचे चित्र असलेल्या सोळा, शंभर रुपयांच्या पांढऱ्या आठ आणि शंभर रुपये कर्जाच्या लाल दोन चिठ्ठ्या पुरतात. बाकाच्या मध्यावर खडूने रेघ ओढून दोन्ही माणसांची संपत्ती दोन बाजूंना मांडायची. नियम एकच: एका बाजूला जे कराल, ते दुसऱ्या बाजूलाही केले पाहिजे. दोन्हीकडून सहा-सहा घोडे उचलण्याची कल्पना बहुतेकांना लगेच सुचते. मग डावीकडे तीन पांढऱ्या चिठ्ठ्या, उजवीकडे चार घोडे आणि एक लाल चिठ्ठी उरते, आणि खरे काम इथून सुरू होते. “मॅडम, याना डोकावर त कर्ज शे!” असे अहिराणीत बजावणारा विद्यार्थी नेमक्या जागी अडलेला असतो. कर्जाची चिठ्ठी नुसती उचलून टाकता येत नाही; ते फेडायला शंभर रुपये द्यावे लागतात, आणि मग तेवढेच डावीकडेही द्यावे लागतात. चारशे रुपये बरोबर चार घोडे, म्हणजे एक घोडा १०० रुपयांचा. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा मंत्र पाठ केलेल्या मुलांना तो मंत्र खरा का, हे या कर्जफेडीत दिसते. उत्तराची पडताळणीही संपत्ती मोजून होते, कारण दोघांकडे ९०० रुपयेच निघाले पाहिजेत.

त्यानंतर तेच समीकरण ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० असे वहीत लिहिले जाते. मूळ ग्रंथात अव्यक्तासाठी, म्हणजे अज्ञात संख्येसाठी, ‘या’ (यावत्तावत्) आणि व्यक्त, म्हणजे ज्ञात, संख्येसाठी ‘रू’ (रूप) ही आद्याक्षरे वापरून दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. उत्साही मुलांना ही मांडणी फार आवडते. ज्यांना आवडत नाही त्यांच्यावर ती लादू नये.

अवयव पाडण्यासाठी पुठ्ठ्याचे तुकडे हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. लग्नसराईनंतर घरोघरी जमणाऱ्या पत्रिकांचा पुठ्ठा त्याला उत्तम. एक मोठा चौरस म्हणजे क्ष², एक लांब पट्टी म्हणजे क्ष आणि एक लहान चौरस म्हणजे १. लहान चौरसाची बाजू २ सेंमी घेतली, तर पट्टीची लांबी ६ किंवा ८ सेंमी मुळीच ठेवू नये, ७.३ सेंमी ठेवावी. पट्टीवर बरोबर तीन किंवा चार लहान चौरस बसले की मुले क्ष म्हणजे तीन किंवा चार असे धरून मोजत सुटतात, आणि पुढचे सगळे अंकगणित होऊन जाते. क्ष² + ५क्ष + ६ साठी एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान चौरस देऊन सर्व तुकड्यांचा एकच आयत करायला सांगितले, की बहुतेक गट सहा चौरस एका ओळीत लावतात आणि दोन पट्ट्या कमी पडल्याची तक्रार करतात. मी काहीच बोलत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी त्याच सहांची तीन-तीनच्या दोन ओळींत मांडणी करते आणि आयत पुरा होतो. त्याच्या बाजू क्ष + २ आणि क्ष + ३. ज्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज पाच अशा संख्या शोधायच्या, हे वाक्य मग फळ्यावर लिहावे लागत नाही.

याच तुकड्यांनी पूर्ण वर्ग पद्धतीही शिकवता येते. क्ष² + ६क्ष = १६ यातील सहा पट्ट्यांपैकी तीन उजवीकडे आणि तीन खाली लावल्या की कोपऱ्यात नऊ लहान चौरसांची जागा रिकामी राहते. ती भरायची म्हणजे दोन्हीकडे ९ मिळवायचे, मग (क्ष + ३)² = २५. पुठ्ठ्यावरून क्ष = २ हे उत्तर मिळते, परंतु −८ हे दुसरे मूळ पुठ्ठा कधीच दाखवणार नाही, कारण लांबी ऋण नसते. हे मुलांना स्पष्ट सांगावे. वजाबाकीच्या पदावल्यांसाठी लाल बाजूचे तुकडे वापरण्याची पद्धत आहे, पण त्यात ऋण गुणिले ऋण समजावताना इतकी कसरत करावी लागते की मी तिथे तुकडे बाजूला ठेवते.

एकसामयिक रेषीय समीकरणांच्या आलेखासाठी आमच्या भागात रेल्वेसारखा विषय नाही. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे, आणि तिथल्या नियंत्रण कक्षात गाड्यांची वाटचाल आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानके घेऊन तिरप्या रेषांनीच दाखवतात. वर्गात भुसावळ ते चाळीसगाव हे अंतर सोयीसाठी १२० किमी धरायचे. भुसावळहून एक मालगाडी ताशी ४० किमी वेगाने निघते. अर्ध्या तासाने चाळीसगावहून प्रवासी गाडी ताशी ६० किमी वेगाने उलट दिशेने येते. भुसावळपासूनचे अंतर य मानले, तर पहिली रेषा य = ४०क्ष आणि दुसरी य = १५० − ६०क्ष. अर्ध्या वर्गाने आलेख कागदावर छेदनबिंदू शोधायचा, उरलेल्यांनी समीकरणे सोडवायची आणि मग दोन्ही उत्तरे जुळवायची. दीड तासाने, ६० किमीवर, म्हणजे जळगावच्या पुढे आणि पाचोऱ्याच्या अलीकडे गाड्या समोरासमोर येतात. इथवर ते पुस्तकातलेच उदाहरण आहे. खरी मजा पुढच्या प्रश्नात आहे: चाळीसगाव–धुळे हा मार्ग एकेरी असल्याने तिथे छेदनबिंदू स्थानकावरच पडायला हवा, तर दुसरी गाडी किती उशिरा सोडावी? आता उत्तर आधी ठरलेले असते आणि समीकरण बदलावे लागते. वडील रेल्वेत असलेली मुले अशा वेळी क्रॉसिंगसाठी थांबलेल्या गाड्यांची वर्णने सुरू करतात. त्यांना थोडे बोलू द्यावे आणि नंतर आवरावे.

साखळी चिठ्ठ्या हा प्रकार सर्वपरिचित आहे. प्रत्येक चिठ्ठीवर एका प्रश्नाचे उत्तर आणि एक नवा प्रश्न असतो, आणि शेवटी साखळी पहिल्या चिठ्ठीशी जुळते. तीत मी एक खोडी करून ठेवते. (क्ष + ३)² चे क्ष² + ९ असे नेहमीचे चुकीचे उत्तर मुद्दाम दुसऱ्या एखाद्या चिठ्ठीवर लिहिते. तिकडे गेलेल्या गटाची साखळी लवकर बंद होते, हातात चिठ्ठ्या उरतात आणि चूक शोधण्यासाठी त्यांना स्वतःच मागे जावे लागते. ‘चूक शोधा’ हा खेळही याच जातीचा आहे. ३(क्ष − २) − २(क्ष − ५) = ७ याची पुढची पायरी ३क्ष − ६ − २क्ष − १० = ७ अशी लिहून द्यावी आणि क्ष = २३ हे उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहायला सांगावे; डावी बाजू २७ येते. नेमकी कोणती पायरी बिघडली आणि लिहिणाऱ्याने कसा विचार केला असावा, हे दोन ओळींत लिहिणाऱ्यालाच गुण द्यावेत. क्ष = ३ एवढेच लिहिणाऱ्याला देऊ नयेत.

मला स्वतःला सर्वाधिक प्रिय असलेला उपक्रम मात्र मुलांनीच उदाहरणे रचण्याचा आहे. नियम असा की उदाहरण शेजारच्या गटाने सोडवायचे आणि ते सुटले नाही, तर रचणाऱ्याने उभे राहून कारण सांगायचे. एका गटाने दोन प्लेट शेवभाजी आणि पाच भाकरींचे बिल ३०० रुपये, तर चार प्लेट शेवभाजी आणि दहा भाकरींचे ६०० रुपये, असे उदाहरण दिले. त्यांच्या मनात शेवभाजी १०० आणि भाकरी २० रुपये असा दर होता. सोडवणाऱ्यांनी एक चल घालवायला सुरुवात केली आणि हाती ० = ० आले. शेवभाजी १२५ आणि भाकरी १० धरली तरी बिल जुळते, हे एका मुलीने दाखवून दिल्यावर रचणारा गट पुरता गोंधळला. पुष्कळ वादावादीनंतर त्यांनी दहाच्या जागी आठ भाकरी करून दुसरे बिल ५६० रुपयांचे केले आणि उदाहरण सुटले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला की भाकरी दहाच ठेवून बिल ६२० केले असते तर काय झाले असते. तसा दर शोधायला वर्गाला पाच मिनिटे दिली. दर सापडेना, तेव्हा हॉटेलवाल्याने एका बिलात गफलत केली आहे असा निकाल लागला. सहगुणकांच्या गुणोत्तरांची अट मी त्यानंतर फळ्यावर लिहिली, आणि घरी करण्यासाठी प्रत्येकाला तीन उदाहरणे रचायला दिली: एक नेमके एकच उत्तर असलेले, एक असंख्य उत्तरे असलेले आणि एक मुळीच उत्तर नसलेले.