अंदाज चुकतो, म्हणून वेळापत्रक मोडते

परीक्षेला दोन महिने उरले की विद्यार्थी आपापली वेळापत्रके घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. वेगवेगळ्या रंगांनी आखलेल्या त्या कागदांवर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या विषयाला वाटून दिलेला असतो. आठवड्याभराने चौकशी केली, तर बहुतेक जण मान खाली घालून "मॅडम, मी फार आळशी आहे" एवढेच सांगतात. हे वाक्य मी इतक्या कष्टाळू मुलामुलींच्या तोंडून ऐकले आहे की, आता ते मला मान्य होत नाही. वेळापत्रक मोडण्यामागे आळस क्वचितच असतो. ते आखतानाच कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज चुकलेला असतो, आणि चुकलेल्या अंदाजावर बेतलेले वेळापत्रक कितीही चिकाटीच्या विद्यार्थ्याला पाळता येत नाही.

ही चूक माणसाच्या स्वभावातच आहे. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तिला 'प्लॅनिंग फॅलसी' असे नाव दिले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पदवीचा प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना काम कधी पूर्ण होईल असे विचारण्यात आले. त्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळेच बिनसले तर किती दिवस लागतील, याचे उत्तर सुमारे ४९ दिवस असे आले. आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवसांहून अधिक. म्हणजे सर्वांत निराशाजनक अंदाजसुद्धा कमीच पडला. आपण योजना आखतो तेव्हा मन पुढच्या कामाचे सरळ, विनाअडथळ्याचे चित्र रंगवते आणि मागच्या वेळी नेमके काय झाले होते, ते विचारातच घेत नाही.

म्हणून वेळापत्रक आखण्याआधी एक आठवडा फक्त नोंद ठेवावी, असे मी सांगते. कोणत्या पुस्तकाची किती पाने, किती उदाहरणे, आणि त्यांना घड्याळाप्रमाणे लागलेला वेळ, एवढेच लिहायचे. त्या आठवड्यात स्वतःला सुधारायचे नाही. तिसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने एका प्रकरणासाठी दीड तास धरला होता. उदाहरणांसह ते प्रकरण समजून घ्यायला तिला चार तास लागत होते, आणि एकदा नव्हे, सलग तीन प्रकरणांना तेवढेच लागले. त्यात तिचा दोष काहीच नव्हता, कारण तो विषयच तेवढा वेळ मागतो. दीड तासाच्या हिशेबाने आखलेला तिचा दिवस मात्र दुपारपर्यंतच कोलमडत असे, आणि एकदा दिवस हातचा गेला असे वाटले की संध्याकाळही वाया जात असे.

उपलब्ध वेळेचा हिशेबही असाच मांडावा लागतो. आठवड्यात १६८ तास असतात. रोज आठ तास झोपेचे धरले तर ५६ तास त्यात जातात, आणि ते जाऊ द्यावेत, कारण शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा मोठा असतो. तासिका, प्रात्यक्षिके, येणे-जाणे, जेवणखाण आणि घरची कामे वजा केली की स्वतःच्या अभ्यासाला रोजचे चार-पाच तास उरतात. हा आकडा पाहून मुले नाराज होतात. मला तो आश्वासक वाटतो, कारण कागदावरच्या चौदा तासांपेक्षा खरोखर हाती असलेल्या पाच तासांत काय बसवायचे, हे ठरवणे शक्य असते.

आता सर्वांत दुर्लक्षित राहणाऱ्या गोष्टीकडे येते. बहुतेक वेळापत्रकांत उजळणी शेवटी, उरलेल्या दिवसांत ढकललेली असते, आणि ते दिवस कधी उरतच नाहीत. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती. ही बचत वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ती साधारण एक तृतीयांशावर आली, आणि महिन्यानंतर सुमारे २१ टक्के उरली. अर्थपूर्ण धडा इतक्या वेगाने विसरला जात नाही. पण सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू, हा विस्मरणाचा क्रम ओळखीचाच आहे. त्यामुळे आज शिकलेल्या प्रकरणाची उजळणी उद्या, मग चार-पाच दिवसांनी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी, अशा तारखा वहीत आधी लिहाव्यात आणि नवे प्रकरण उरलेल्या जागेत बसवावे. पहिल्या उजळणीला बहुधा वीस मिनिटे पुरतात. महिन्याने तेच प्रकरण उघडले, तर ते जवळजवळ नव्याने शिकावे लागते.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे ८१ विरुद्ध ७५ टक्के असे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्केच आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना सगळे येते आहे असे वाटते ते याच पाच मिनिटांच्या भरवशावर, आणि परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते. त्यामुळे वेळापत्रकात 'प्रकरण चार वाचणे' असे न लिहिता 'प्रकरण चारमधील तीन सिद्धता पुस्तक मिटून लिहिणे' असे लिहावे. काम संपले की नाही, हेही त्यावरून नेमके कळते.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत अनेकांना आवडते. व्याख्या किंवा शब्दसंग्रह यांसाठी ती चांगली आहे. लांबलचक गणिती मांडणीला मात्र पंचवीस मिनिटे अपुरी पडतात आणि गजर नेमका विचार जुळत असताना वाजतो, असा माझा अनुभव आहे. मोबाइलविषयी फार लिहीत नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवावा.

त्या विद्यार्थिनीने नोंदींनंतर नवे वेळापत्रक केले. त्यात रोजचे पाच तास होते, प्रत्येक प्रकरणाला चार तास दिलेले होते, उजळणीच्या तारखा आधीच भरलेल्या होत्या आणि आठवड्यातील एक संध्याकाळ, मागे राहिलेल्या कामासाठी, मुद्दाम मोकळी ठेवलेली होती. दोन प्रकरणे त्यात बसलीच नाहीत. कोणती सोडायची, हे आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून परीक्षेच्या सात आठवडे आधी ठरवले.